खोकल्याचं बटण

१२ ऑगस्ट

खांब्या,

तुझा पत्ता डेपोच्या लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरनं दिला. तू तिथे एका शाळेच्या मैदानावर पोरांना गोलकीपिंग शिकवतोस म्हणे. त्यानं हॉर्न वाजवला तर हात केलास, पण बसजवळ आला नाहीस. थोडा सुटलायस असंही तो म्हणाला. आईला हे सांगितलं तर तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. पोरगा जेवतो की नाही, हीच तिची इतकी वर्षं काळजी होती.

पत्र सहज लिहितेय. विशेष काही नाही.

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यानं दुकान वाढवलं. आता तीन खुर्च्या, मोठे आरसे आणि भिंतीला हिरवा रंग. रेडिओ मात्र तोच जुना, त्याच फळीवर. रविवारी बाबांची फुटबॉलची कॉमेंट्री सुरू झाली की त्याचा वस्तरा थांबतो आणि लोक अर्ध्या गालाला साबण लावून बसून राहतात. परवा एकाचा साबण वाळला तरी त्यानं तक्रार केली नाही, कारण डेपोच्या टीमला कॉर्नर मिळाला होता.

माझा रेडिओवरचा दुपारचा फर्माईशीचा कार्यक्रम अजून चालू आहे. गाणी तीच, फर्माईश करणारेही जवळजवळ तेच. एक नवं जोडपं आहे. नवरा दर आठवड्याला बायकोसाठी गाणं मागतो आणि बायको नवऱ्यासाठी. मला वाटलं, काय प्रेम आहे! मग कळलं की दोघं एकाच घरात राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. मागच्या आठवड्यात तिनं रुसव्याचं गाणं मागितलं, ह्या आठवड्यात त्यानं माफीचं. मी दोन्ही लावली. आता उत्तराची वाट अख्खं गाव बघतंय.

बाबा बरे आहेत. चष्म्याचा नंबर वाढलाय, एवढंच. आवाज होता तसाच आहे. रविवारी मीही त्यांच्याबरोबर मैदानावरच्या केबिनमध्ये बसते. कागदबिगद हाताशी द्यायला.

मी तुला लिहितेय हे त्यांना माहीत नाही.

ताई


२ सप्टेंबर

खांब्या,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चालले नव्हते.

मागच्या पत्रात चष्म्याच्या नंबराबद्दल लिहिलं होतं. ते पूर्ण खरं नव्हतं. तुला सांगावं की नाही, ह्यावर बरेच दिवस घालवले. शेवटी ठरवलं की तू घरचाच आहेस. तुला तसं वाटो न वाटो.

बाबांना दिसत नाही. म्हणजे अगदी अंधार नाही. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा मधला भाग गेलाय, कडेकडेचं दिसतं. बाबा त्यांच्या पद्धतीनं सांगतात, "मैदान दिसतं, चेंडू दिसत नाही. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं." माझ्याशी बोलताना आता ते माझ्या कानाकडे बघतात. मग मी थोडीफार दिसते. आईला वाटायचं, हे आपल्याकडे बघायचं टाळतात, काहीतरी बिनसलंय. बिचारीनं दोन महिने त्यांच्या आवडीचं जेवण केलं. नंतर खरं कळलं तेव्हा आधी रडली आणि मग चिडली. "आधी सांगितलं असतंत तर एवढा खटाटोप केला नसता," म्हणाली.

हे बरं होणारं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

मला कसं कळलं ते सांगते. हंगामाच्या पहिल्याच मॅचला डेपोनं गोल केला आणि बाबांनी तो भलत्याच्याच नावावर दिला. ज्याच्या नावावर दिला तो तेव्हा बाहेर बाकावर पायाला बर्फ लावून बसला होता. त्याच्या आईचा रेडिओ स्टेशनवर फोन आला, "माझ्या पोरानं बसल्या जागी गोल कसा काय केला?" बाबा म्हणाले, जर्सी बदलल्यात मेल्यांनी. जर्सी काही बदलल्या नव्हत्या.

तेव्हापासून मी केबिनमध्ये बसते. मायक्रोफोनच्या खाली ते खोकल्याचं बटण आहे ना, दाबलं की आवाज बाहेर जात नाही, ते बाबा दाबतात. मी कानात सांगते, "डावीकडून सात नंबर, पास आत." ते बटण सोडतात आणि त्याच दोन शब्दांचं असं काही करतात की मलाच वाटतं, अरे, मी हे पाहिलंच नाही! सात नंबर कसा वळला, बचावाचे पाय कुठे अडकले, सगळं त्यांना आतून माहीत आहे. त्यांना फक्त चेंडू कुठे आहे ते हवं असतं.

आवाज सारखा तुटतो, म्हणून लोकांना वाटतं की काका फार खोकतात. स्टेशनच्या पत्त्यावर खोकल्याची औषधं येतात. परवा एक बाई स्वतः काढा घेऊन आल्या आणि बाबा तो पिईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. कडू होता म्हणे. प्यायले.

कुणालाही सांगायचं नाही असं त्यांनी मला बजावलंय. तुला सांगितलं.

ताई


२३ सप्टेंबर

तुझं उत्तर मिळालं. एवढ्या मोठ्या पाकिटात एवढी एकच ओळ. "त्यांना म्हणावं, आता घरी बसा."

मी ते स्वयंपाकघरात आईला वाचून दाखवलं. आईनं गॅस बंद केला. मला तुझा राग आला. दोन दिवस होता. आता उतरलाय म्हणून लिहितेय.

तू असं का लिहिलंस ते मला न कळायला मी दूधखुळी नाही. तू डेपोच्या गोलात होतास त्या सेमीफायनलला मी घरीच होते, रेडिओपाशी. गोदीच्या टीममधल्या पोरानं लांबून साधा फटका मारला, तुझ्या हातात आलेला चेंडू सुटला आणि पायांमधून आत गेला. आणि बाबा शहरभर ऐकू जाईल असं म्हणाले, "हा माझा मुलगा आहे, तरी सांगतो, ह्याला कुणीतरी घरी घेऊन जा." मागे अख्खा स्टँड हसल्याचं मला रेडिओतून ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये कंडक्टर पुढे सरकत नसलेल्या माणसाला म्हणाला, "ह्याला कुणीतरी घरी घेऊन जा." बाजारात म्हणायचे. शाळेतली पोरं म्हणायची. सलूनवाला तर गिऱ्हाईक पेंगलं की म्हणायचा. अजूनही म्हणतात रे. बऱ्याच जणांना आता ते कुठून आलं तेही माहीत नाही.

तू महिन्याभरात गेलास. बाबांना वाटलं, चार दिवसांनी येईल. त्यांचं म्हणणं असं की त्या सबंध हंगामात लोक कुजबुजत होते, बाप मायक्रोफोनवर आहे म्हणून पोराची चूक झाकतो. म्हणून ते जास्तच कडक झाले. हे ते आईशी बोलले, तुझ्याशी नाही. मी त्यांची वकिली करत नाही. चूक झाकायची नाही म्हणून काय पोराला चौकात उभं करायचं? तुझ्यावर अन्याय झाला हे मी तेव्हाही म्हटलं होतं, आताही म्हणते.

पण आज त्यांना "घरी बसा" म्हणणं मला जमणार नाही. ते केबिनचा जिना चढताना कठडा धरून पायरी पायाने चाचपतात, आणि वर पोहोचले, हेडफोन कानाला लावले की पंधरा वर्षांनी लहान होतात. मी बाजूला बसून बघते ना.

तुला लिहायचं नसेल तर नको लिहूस. मी लिहीन.

ताई


१४ ऑक्टोबर

खांब्या,

आमचं बिंग फुटलं. कसं फुटलं ते वाचून तुला हसू येईल. आलं तर मला कळव.

बाबा हल्ली बटण दाबायला विसरतात. किंवा मी घाईत आधीच बोलून जाते. सलूनवाला एके दिवशी गिऱ्हाइकांना म्हणाला, "आपल्या रेडिओत बाई आहे." गोल व्हायच्या आधी एक बाई हळूच काहीतरी म्हणते आणि मग काका ओरडतात. लोकांनी कान लावून ऐकलं. खरंच! दोन दिवसांत शहरभर झालं. कुणी म्हणालं स्टेशनच्या इमारतीत जुनी गायिका वारली होती तिचा आत्मा आहे, कुणी म्हणालं काकांना वरून कोणीतरी सांगतं. माझ्याच फर्माईशीच्या कार्यक्रमात एकानं पत्र पाठवलं, "कृपया रेडिओतल्या बाईंसाठी एक गाणं लावावं." मी लावलं. काय करणार!

आमच्या केंद्रप्रमुख बाईंचा भुताखेतांवर विश्वास नाही. त्यांनी टेप मागवून ऐकली आणि आम्हा दोघांना बोलावलं. खोलीत पंखा घरघरत होता. त्यांनी तो आधी बंद केला.

"काका, किती दिसतं?" त्यांनी सरळच विचारलं.

"पुरेसं," बाबा म्हणाले.

"माझ्या टेबलावर काय आहे?"

बाबांनी मान कडेला वळवली, तसं त्यांना थोडं दिसतं. म्हणाले, "फाईली आहेत. कुठल्या स्टेशनात नसतात?"

बाई हसल्या नाहीत. त्यांच्या टेबलावर तेव्हा फक्त एक फुलदाणी होती.

"मला तुमचा अपमान करायचा नाही," बाई म्हणाल्या. "पण ऐकणाऱ्याला वाटतंय तुम्ही बघून सांगता. ते खरं नाही. फायनल तुम्हीच करा. पण काय आहे ते लोकांना सांगून करा. नाहीतर आपण इथेच थांबू. निरोपाचा छान कार्यक्रम करू, जुन्या टेप लावू."

"जुन्या टेप माणूस गेल्यावर लावतात," बाबा म्हणाले आणि उठले. दाराऐवजी कपाटाकडे निघाले. मी दंड धरला तर झटकला. मग बाहेर आल्यावर स्वतःच माझा दंड धरला.

बसनं जायला तयार होईनात. स्टेशनपासून घरापर्यंत चालत आलो, त्यांचा एक हात कंपाउंडच्या भिंतीला, एक माझ्या खांद्याला. वाटेत एका टपरीवर माझा कार्यक्रम पुन्हा लागला होता. थांबून ऐकलं आणि म्हणाले, "तू वाक्याच्या शेवटी आवाज खाली टाकतेस." त्या दिवशी एवढंच बोलले. जेवले नाहीत. आई म्हणाली, "बसू दे. पोरगा गेला तेव्हा आपण सगळे उपाशी बसलो होतो, आता ह्यांची पाळी." ती असं बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

फायनल डेपो आणि गोदीचीच आहे. बाबा काय करणार ते त्यांनाच ठाऊक.

ताई


४ नोव्हेंबर

खांब्या,

काल फायनल झाली. डेपो हरला. ते तुला तिथल्या पेपरात कळलं असेलच. बाकीचं पेपरात नाही.

सकाळी बाबांनी स्वतः दाढी केली. हनुवटीखाली कापलं. इस्त्रीचा शर्ट घातला, जसा काही रेडिओतून दिसणार होता. केबिनमध्ये बसल्यावर मला म्हणाले, "खुर्ची पुढे घे." मला वाटलं त्यांची. म्हणाले, "तुझी."

सुरुवातीची धून वाजली, लाल दिवा लागला आणि ते बोलले. मला ते जवळजवळ शब्दशः आठवतंय.

"नमस्कार मंडळी. तुमच्यातल्या पुष्कळांनी रेडिओत एक बाई ऐकली आहे. ते भूत नाही, माझी मुलगी आहे. मला आता चेंडू दिसत नाही. बरेच दिवस दिसत नव्हता आणि मी तुम्हाला तसं सांगितलं नाही. आज ती बघेल आणि ती सांगेल. मी शेजारी बसून लुडबुड करीन."

आणि मायक्रोफोन माझ्यापुढे सरकवला. मला आधी काहीही सांगितलेलं नव्हतं! पहिली काही मिनिटं मी फर्माईशीच्या आवाजातच बोलत होते. "आता चेंडू आहे पाच नंबरकडे," असं गोड गोड, जसं काही पाच नंबरनं गाणं मागितलंय. बाबांनी टेबलाखालून पाय मारला. मग हळूहळू जमलं. ते मधूनमधून बोलायचे. लोकांचा आवाज चढला की मला दिसायच्या आधी त्यांना कळायचं की उजव्या बाजूला काहीतरी शिजतंय.

हाफटाइमनंतर ते झालं. डेपोचा गोलकीपर नवा आहे, कोवळा पोरगा, तुझ्यासारखाच उंच. गोदीचा एक साधा, जमिनीलगतचा फटका आला. तो वाकला, हात लावले आणि चेंडू हाताखालून निसटून आत गेला. पोरगा गुडघ्यावर तसाच राहिला. स्टँडमध्ये कुणीतरी तेच वाक्य ओरडलं. तुला माहीत आहे कुठलं. मग सगळेच ओरडायला लागले.

मी गप्प झाले. खरंच शब्दच फुटेना. रेडिओवर शांतता किती भयंकर असते ते तुला सांगून कळणार नाही. बाबांनी चाचपडत बटण शोधलं आणि दाबलं.

"काय झालं?"

"गोल झाला. त्याच्या हातातून सुटला."

बाबांनी ते ओरडणं ऐकलं होतंच. त्यांनी बटण दाबूनच धरलं होतं. म्हणाले, "चेंडूचं काय झालं ते सांग. पोराबद्दल बोलू नकोस."

बटण सोडलं. मी म्हटलं, "चेंडू गोलात गेला आहे. गोदी एक, डेपो शून्य. खेळ पुन्हा मध्यावरून सुरू होतोय." एवढंच. पुढे गोदीनं आणखी एक केला, डेपोनं शेवटी एक फेडला, पण उशीर झाला होता.

घरी आल्यावर बाबा अंगणातल्या पायरीवर बसले. ऊन अजून होतं. मी चहा नेऊन दिला. कप दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "त्या दिवशी माझे डोळे चांगले होते. मला चेंडू स्वच्छ दिसत होता. तरी मी पोराबद्दल बोललो."

मी पायरीवर त्यांच्याशेजारी बसले.

"लोक म्हणतील बाप सांभाळून घेतो, ह्याची मला भीती वाटली. म्हणजे घाबरलो मी. आणि नाव काय दिलं, तर निःपक्षपातीपणा."

मी विचारलं, "हे त्याला कळवू?"

"कळव. नाहीतरी लिहितेसच की." मी दचकले तर म्हणाले, "तू लिहिताना तोंडानं पुटपुटतेस. लहानपणापासून. मी शेजारच्या खोलीत असतो, बहिरा नाही झालोय. आणि त्यानं मला घरी बसा म्हटलंय, तेही ऐकलं. स्वयंपाकघराच्या भिंती काय जाड आहेत का?"

मग त्यांनी कप खाली ठेवला, पायरीच्या कडेला, आणि तो सांडला. दोघंही बघत बसलो. म्हणजे मी बघत बसले.

त्यांनी जसं सांगितलं तसं लिहिलंय. मी त्यात माझं काही घातलेलं नाही. तुला माफ करावंसं वाटावं म्हणून तर मुळीच नाही. ते तुझं तू बघ.

आता हे लिहितानाही मी पुटपुटतेय, आणि पलीकडे खुर्चीचा आवाज झालेला नाही. म्हणजे ऐकतायत.

ताई


२५ नोव्हेंबर

खांब्या,

तुझं पत्र मिळालं. ह्या खेपेला चार पानं! आईनं ती तीनदा वाचली. बाबांना मी मोठ्यानं वाचून दाखवली, दुसऱ्या पानावरचा तो भागसुद्धा. तू लिहिलंयस तसंच, एकही शब्द मऊ न करता. मध्ये मी थांबले तर म्हणाले, "वाच." तू भांड्यांच्या दुकानात काम करून कसेबसे दिवस काढलेस आणि तिथेही कुणीतरी ते वाक्य म्हणालं, हे ऐकल्यावर उठून आत गेले. परत आले तेव्हा चेहऱ्यावर पाणी मारलेलं होतं. पुढचं वाचायला सांगितलं.

तू रविवारी येतोयस. आता कामाचं ऐक.

सकाळची बस डेपोत उतरवते, पण बाहेरचा रस्ता खणून ठेवलाय, तेव्हा मागच्या फाटकानं ये. डेपोतले लोक ओळखतील. त्यातले निम्मे आता मला केबिनमधल्या बाई म्हणतात. कारण आता नवी स्पर्धा सुरू झालीय आणि रविवारची मॅच स्टेशननं मलाच दिली आहे. बाबा घरी ऐकतात आणि संध्याकाळी माझ्या चुका सांगतात. जेवताना सांगतात, जेवल्यावर सांगतात.

माझा फर्माईशीचा कार्यक्रम त्यांना मिळाला. पत्रं वाचायला आई सोबत जाते. पहिल्याच दिवशी ती मायक्रोफोनवर म्हणाली, "अहो, हे अक्षर लागत नाही, कुणा मेल्यानं कोंबडीच्या पायानं लिहिलंय." ज्यानं लिहिलं होतं त्यानं दुसऱ्या दिवशी सुवाच्य अक्षरात माफी मागितली. आता लोक गाण्यांपेक्षा ह्या दोघांची भांडणं ऐकायला रेडिओ लावतात. त्या न बोलणाऱ्या जोडप्याला आईनं सरळ सांगून टाकलं, "आता गाणी पुरे, घरात बोला." दोघांची पत्रं बंद झालीत. एक तर बोलायला लागले असतील, नाहीतर आईवर चिडले असतील.

तर, तू पोहोचशील तेव्हा मी मैदानावर असेन. आई बाजारात गेलेली असेल, ती मुद्दाम जाणार आहे, मला म्हणालीय. घरी एकटे बाबाच असतील, पुढच्या खोलीत, रेडिओपाशी. दार उघडंच असेल.

दारात नुसता उभा राहू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे, चौकटीला टेकून गप्प उभा राहायचास. त्यांना दारातल्या उजेडात फक्त एक सावली दिसेल, आणि सरळ बघितलं तर तीही जाईल. काहीही म्हण, प्रवास कसा झाला ते सांग, शिव्या दे, पाणी माग. पण आधी तू बोल.

ताई